वाढता मेंदू आणि मोठ्यांची दारू

दारूविषयीची सार्वजनिक चर्चा बहुधा पिणाऱ्या प्रौढ माणसाभोवती फिरते. त्याचे यकृत, त्याचा संसार, त्याची कमाई आणि त्याच्या बायकोला सोसावा लागणारा मार हे त्या चर्चेचे नेहमीचे विषय असतात, आणि ते महत्त्वाचेही आहेत. परंतु दारूचा सर्वांत खोल आणि सर्वांत कमी मोजला गेलेला परिणाम ज्याच्यावर होतो तो पिणारा प्रौढ नसून वाढत्या वयातला जीव असतो, मग तो आईच्या गर्भात असो, तिच्या कडेवर असो किंवा दहावीच्या वर्गात. प्रौढाचा मेंदू दारूने बिघडतो, तर वाढणारा मेंदू दारूच्या सान्निध्यात वेगळाच घडतो, आणि या दोन गोष्टींत मूलभूत फरक आहे. हा फरक मान्य केला, की लवकर मिळालेली दारू हा मुलाच्या चारित्र्याचा किंवा आईच्या बेजबाबदारपणाचा प्रश्न उरत नाही. ती मुलापर्यंत कधी, कुठून आणि कोणत्या समजुतीच्या आधाराने पोहोचते हे ठरवणाऱ्या मोठ्यांच्या व्यवस्थेचा तो प्रश्न बनतो.

हा प्रश्न तपासण्यासाठी हैदराबादची मलकपेठ ही योग्य जागा आहे. मुसी नदीच्या दक्षिणेला, चादरघाटच्या पलीकडे वसलेल्या या भागात एकीकडे रेसकोर्स आहे, दुसरीकडे महाराष्ट्रातून आणि कर्नूलकडून येणारा कांदा जिथे उतरतो तो घाऊक बाजार आहे, आणि शेजारच्या दिलसुखनगरात स्पर्धा परीक्षांच्या शिकवणी वर्गांसाठी गावोगावहून आलेली तरुण मुले दाटीवाटीने राहतात. अंगमेहनतीची कामे, सणासुदीची जुनी वहिवाट आणि घरापासून दूर असलेले कोवळे वय या तिन्ही गोष्टी अशा वस्तीत एकमेकींच्या शेजारी नांदतात. ज्या राज्यात ही वस्ती आहे त्या तेलंगणात 2019 ते 2021 या काळातील पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार पंधरा वर्षांवरील पुरुषांपैकी सुमारे 43 टक्के आणि स्त्रियांपैकी सुमारे 7 टक्के मद्यपान करतात. देशाची सरासरी अनुक्रमे सुमारे 19 आणि 1 टक्का आहे. स्त्रियांचा आकडा लहान दिसला, तरी गर्भातल्या मेंदूच्या दृष्टीने तोच अधिक बोलका आहे.

या आकड्यांमागे ताडीचा, म्हणजे तेलुगूत ज्याला कल्लू म्हणतात त्या पेयाचा, मोठा वाटा आहे. ताड आणि शिंदी या झाडांचा रस पहाटे उतरवला की तो गोड नीरा असतो, पण हवेतल्या आणि मडक्यातल्या यीस्टमुळे काही तासांतच तो आंबू लागतो आणि दिवस चढेल तसे त्यातील अल्कोहोल वाढत साधारणपणे बिअरच्या पातळीला पोहोचते. तेलंगणाच्या लोकजीवनात या पेयाला मानाचे स्थान आहे. बोनालूच्या सणात ते देवीला अर्पण होते, गौड समाजाच्या कित्येक पिढ्यांचा चरितार्थ त्यावर चालला, आणि ते थंड, पौष्टिक, अंगाला मानवणारे असल्याची समजूत घराघरांत आहे. या समजुतीमुळेच दारू पिणे वाईट असे मानणारी माणसेही कल्लूला दारूच्या पंगतीत बसवत नाहीत, आणि एखाद्या लहान मुलाला सणाच्या दिवशी घोटभर देण्यात त्यांना गैर वाटत नाही. मराठी वाचकाला हे परके वाटण्याचे कारण नाही, कारण 1956 पर्यंत मराठवाडा आणि तेलंगण एकाच हैदराबाद राज्याचे भाग होते, एकाच अबकारी व्यवस्थेखाली होते, आणि नांदेडच्या सीमेवरच्या तालुक्यांत शिंदीविषयी आजही अशाच समजुती आढळतात. परंतु चेतापेशीला पेयाचे नाव, त्याचा मान किंवा त्याची परंपरा कळत नाही. तिच्यापर्यंत पोहोचतो तो इथेनॉल नावाचा एकच रेणू.

तो रेणू गर्भात काय करतो हे वैद्यकशास्त्राला फार उशिरा कळले. फ्रान्समधील नांत येथील बालरोगतज्ज्ञ पॉल लेम्वान यांनी 1968 साली मद्यपी पालकांच्या 127 मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले, तेव्हा त्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. 1973 साली अमेरिकेतील सिएटल येथे केनेथ जोन्स आणि डेव्हिड स्मिथ यांनी स्वतंत्रपणे तीच लक्षणे पाहिली आणि त्या लक्षणसमूहाला गर्भावस्थेतील मद्याशी जोडणारे नाव दिले. खुंटलेली वाढ, लहान डोके, डोळ्यांच्या आखूड फटी, नाकाखालची सपाट झालेली पन्हळ, पातळ वरचा ओठ आणि त्यासोबत बुद्धीची व वर्तनाची कायमची अडचण असे त्याचे स्वरूप आहे. चेहऱ्याची ही ठेवण गर्भधारणेनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांतच ठरते, आणि पुष्कळदा तोवर स्त्रीला आपण गरोदर असल्याचे समजलेलेही नसते. मेंदूची घडण मात्र सगळे नऊ महिने आणि त्यानंतरही चालू राहते. म्हणून चेहरा अगदी नेहमीसारखा असूनही ज्यांच्या मेंदूला इजा झाली आहे अशी मुले पूर्ण लक्षणसमूह असलेल्या मुलांपेक्षा कितीतरी अधिक असतात. ती शाळेत ढ, व्रात्य, विसराळू, हट्टी ठरतात, आणि त्यांच्या वागण्याचे मूळ कुठे आहे हे कोणी विचारत नाही.

या इजेची यंत्रणा समजून घेणे आवश्यक आहे, कारण घोटभराने काय होते या प्रश्नाचे उत्तर तिच्यात आहे. आईच्या रक्तातील अल्कोहोल वारेतून गर्भाकडे सहज जाते, गर्भाच्या यकृतात ते मोडण्याची क्षमता अत्यल्प असते, आणि गर्भाशयातील पाण्यात ते काही काळ साठून राहते. मेंदू घडत असताना चेतापेशी ठरावीक वेळी जन्म घेतात, ठरावीक वाटेने प्रवास करून आपल्या जागी पोहोचतात आणि मग एकमेकींशी जोडल्या जातात. या जोडण्यांना चेतासंधी म्हणतात, आणि ज्या पेशीला योग्य वेळी योग्य संदेश मिळत नाहीत ती पेशी निरुपयोगी समजून स्वतःच नष्ट होते, अशी शरीराची स्वाभाविक योजना आहे. अल्कोहोल याच योजनेत शिरकाव करते. मेंदूत पेशींना चेतवणारा मुख्य संदेशवाहक ग्लुटामेट आणि त्यांना शांत करणारा मुख्य संदेशवाहक गॅबा आहे. अल्कोहोल पहिल्याच्या एका महत्त्वाच्या ग्राहकाला अडवते आणि दुसऱ्याच्या परिणामाला बळ देते, त्यामुळे वाढत्या मेंदूतील पेशींना अचानक शांतता जाणवते आणि आपली गरज उरली नाही असे समजून त्या आत्मनाशाच्या मार्गाला लागतात. 2000 साली क्रिसान्थी इकोनोमिडू, जॉन ओल्नी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदराच्या आठवडाभराच्या पिल्लांवर केलेल्या प्रयोगात काही तासांच्या मद्यसंपर्काने असा पेशीनाश मोठ्या प्रमाणावर होतो हे दाखवून दिले. पिल्लांचे हे वय मेंदूच्या वाढीच्या दृष्टीने माणसातील गर्भारपणाच्या शेवटच्या महिन्यांशी आणि जन्मानंतरच्या सुरुवातीच्या काळाशी साधारण जुळते. प्राण्यांवरील निष्कर्ष जसेच्या तसे माणसाला लावता येत नाहीत, परंतु जन्माला आले म्हणजे मूल धोक्याबाहेर आले, या कल्पनेला या संशोधनाने आधार ठेवला नाही.

येथे हैदराबादच्या कल्लूचा आणखी एक पैलू पुढे येतो. शहराची मागणी आणि झाडांची संख्या यांचा मेळ कधीच बसत नसल्याने दुकानात विकली जाणारी बरीचशी ताडी पाणी, साखर, सॅकरिन आणि गुंगी आणणारी रसायने मिसळून बनवली जाते. क्लोरल हायड्रेट, डायझेपाम आणि अल्प्राझोलाम ही त्यांतील वारंवार सापडलेली नावे आहेत. ही तिन्ही द्रव्ये मेंदूतील गॅबाच्याच ग्राहकावर काम करतात, म्हणजे अल्कोहोल ज्या दारातून आत शिरते त्याच दारातून, आणि डायझेपामसारखी औषधे वाढत्या मेंदूतील पेशीनाश घडवतात हे त्याच प्रकारच्या प्राणिप्रयोगांत दिसले आहे. अशा पेल्यातील अल्कोहोलचे प्रमाण कमी असले, म्हणून तो सौम्य ठरत नाही. प्रौढांमध्ये या भेसळीची सवय इतकी जडते, की पुरवठा तुटला की थरकाप, झटके, भ्रम आणि अनोळखी वर्तन सुरू होते, आणि एर्रगड्डा येथील मनोरुग्णालयात अशा रुग्णांची रीघ लागल्याचे प्रसंग तेलंगणाने एकाहून अधिक वेळा पाहिले आहेत. जुलै 2025 मध्ये हैदराबादच्या कुकटपल्ली भागात भेसळयुक्त ताडीने काही जणांचे प्राण गेले, तेव्हा शहर हादरले. पण त्याच ताडीचा थोडा थोडा अंश ज्या गर्भवतीच्या किंवा ज्या बालकाच्या शरीरात वर्षानुवर्षे जातो त्याची नोंद कोणत्याही पंचनाम्यात होत नाही.

मेंदूच्या घडणीचा दुसरा नाजूक काळ पौगंडावस्थेचा आहे. बारा-तेराव्या वर्षापासून विशीच्या मध्यापर्यंत मेंदूत दोन प्रकारची कामे समांतर चालतात. वापरात नसलेल्या चेतासंधी छाटल्या जातात, आणि वापरातल्या तंतूंभोवती मायलिन नावाचे स्निग्ध आवरण चढून त्यांची गती वाढते. हे काम मेंदूच्या मागच्या भागाकडून पुढे सरकत कपाळामागच्या अग्रखंडात सर्वांत शेवटी पूर्ण होते, आणि विवेक, संयम, परिणामांचा विचार ही सगळी या अग्रखंडाची कामे आहेत. याउलट सुखाची ओढ लावणारी डोपामिनची यंत्रणा त्या आधीच जोरात असते. म्हणून किशोरवयात ओढ प्रबळ आणि आवर अपुरा, अशी स्थिती निसर्गतःच असते, आणि नवे शिकण्यासाठी, घराबाहेर पाऊल टाकण्यासाठी ती उपयुक्तही असते. अल्कोहोल याच तफावतीचा फायदा घेते. प्राण्यांवरील प्रयोगांत असे दिसले आहे, की कोवळ्या वयातील प्राण्यांना दारूने येणारी झोप आणि तोल जाणे प्रौढांपेक्षा कमी जाणवते, परंतु स्मृतीवर होणारा परिणाम अधिक होतो. म्हणजे पुरे झाले असे सांगणारी शरीराची सूचना दुबळी आणि हानी मात्र जास्त, असा हा विपरीत मेळ आहे. मुलगा पचवतो, त्याला काही होत नाही, असे कौतुकाने म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांनी हे समजून घेतले पाहिजे, की न डगमगणे हे त्याच्या ताकदीचे नव्हे, तर त्याच्या असुरक्षिततेचे लक्षण आहे.

माणसांवरील पुरावाही याच दिशेने जातो. अमेरिकेत बारा ते एकवीस वर्षांच्या सुमारे आठशे मुलामुलींच्या मेंदूची चित्रे वर्षानुवर्षे घेणाऱ्या एका दीर्घ अभ्यासात, ज्यांनी अति मद्यपान सुरू केले त्यांच्या अग्रखंडातील करड्या द्रव्याची घट इतरांपेक्षा वेगाने झाल्याचे आढळले. अमेरिकेतीलच 1990च्या दशकातील एका राष्ट्रीय पाहणीच्या विश्लेषणानुसार पंधराव्या वर्षाआधी पिणे सुरू करणाऱ्यांपैकी सुमारे 40 टक्के लोक आयुष्यात कधीतरी मद्याच्या अधीन झाले, तर विशीनंतर सुरुवात करणाऱ्यांत हे प्रमाण सुमारे 10 टक्के होते. भारतातला, तोही मराठी-कोकणी परिसरातला, याहून जवळचा दाखला गोव्याचा आहे. उत्तर गोव्यातील सुमारे 1900 पुरुषांच्या पाहणीवर आधारित, अरविंद पिल्लई, विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी 2014 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले, की 1956 ते 1960 मध्ये जन्मलेल्या पिणाऱ्यांपैकी सुमारे 20 टक्क्यांनी किशोरवयात सुरुवात केली होती, तर 1981 ते 1985 मध्ये जन्मलेल्यांत हे प्रमाण सुमारे 74 टक्क्यांवर पोहोचले. लवकर सुरुवात करणाऱ्यांत पुढे मद्याधीनता, मानसिक क्लेश आणि दारूमुळे झालेल्या दुखापती अधिक होत्या. एका पिढीच्या अंतरात मानवी जनुके बदलत नाहीत. बदलली ती दारूची उपलब्धता, तिची प्रतिष्ठा आणि मुलांच्या हाती येणारा पैसा. म्हणून या वाढीचे कारण मुलांच्या स्वभावात नव्हे, त्यांच्या भोवतालात शोधावे लागते.

या मांडणीवर तीन गंभीर आक्षेप घेतले जातात, आणि त्यांचा विचार केल्याशिवाय ती पूर्ण होत नाही. पहिला आक्षेप असा, की लवकर पिणे हे पुढील व्यसनाचे कारण नसून खूण आहे, कारण ज्या मुलांमध्ये आनुवंशिक उतावीळपणा असतो तीच लवकर पितात आणि तीच पुढे अडकतात. जुळ्यांवरील काही अभ्यासांनी या म्हणण्याला आधार दिला आहे, आणि बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत मद्यपी वडिलांच्या, पण स्वतः अजून मद्याधीन न झालेल्या मुलांच्या मेंदूतही काही भागांचे आकारमान कमी आढळले आहे. परंतु या आक्षेपातून निघणारा निष्कर्ष उलटा आहे. काही मुले जन्मतःच अधिक असुरक्षित असतील, तर त्यांच्यापासून दारू दूर ठेवण्याची निकड वाढते, घटत नाही. शिवाय प्राण्यांवरील प्रयोगांत आनुवंशिकता समान ठेवून केवळ मद्यसंपर्काचे वय बदलले, तरी मेंदूत टिकून राहणारे फरक दिसतात. तेव्हा खूण आणि कारण या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

दुसरा आक्षेप घराघरांतला आहे. मुले बाहेर चोरून पिण्यापेक्षा घरी मोठ्यांच्या नजरेखाली थोडी घेऊन मर्यादा शिकलेली बरी, असे शिकलेल्या कुटुंबांतही ऐकू येते, आणि त्यामागे काळजीच असते. पण हा विश्वास तपासून पाहिला गेला आहे. ऑस्ट्रेलियात सुमारे 1900 किशोरांचा सहा वर्षे पाठपुरावा करणाऱ्या आणि 2018 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, पालकांनी स्वतः दारू दिल्याने मुलांचे कोणतेही संरक्षण झाल्याचे दिसले नाही. उलट अशी मुले इतरांकडूनही दारू मिळवण्याची शक्यता वाढलेली दिसली. घरातून मिळालेला पहिला घोट मुलाला मर्यादा शिकवत नाही, तो परवानगी शिकवतो. बोनालूच्या दिवशी आजोबांच्या हातून मिळणारा कल्लू आणि उच्चभ्रू सोसायटीतल्या वाढदिवसाला वडिलांनी पुढे केलेली बिअर यांत मेंदूच्या दृष्टीने कोणताही वर्गभेद नाही.

तिसरा आक्षेप धोरणाचा आहे, आणि तो सर्वांत वजनदार आहे. दारू इतकी घातक असेल तर ती बंदच का करू नये, आणि बंदी टिकत नसेल तर एवढी चर्चा कशासाठी, असे दोन टोकांचे प्रश्न विचारले जातात. या भूमीचा इतिहास दोन्हींना सावध करणारा आहे. 1990च्या दशकाच्या आरंभी नेल्लोर जिल्ह्यातील दुबगुंटा येथे साक्षरता वर्गांत जमणाऱ्या बायकांनी गावातली अरक, म्हणजे स्वस्त देशी दारू, बंद पाडली, त्यातून उभ्या राहिलेल्या आंदोलनाने 1993 मध्ये आंध्र प्रदेशात अरकबंदी आणि 1995 मध्ये संपूर्ण दारूबंदी आणली, पण 1997 मध्ये महसुलाच्या दडपणाखाली ती उठली. हैदराबाद शहरातील ताडीची दुकाने 2004 मध्ये बंद झाली आणि तेलंगण राज्य झाल्यावर 2014 मध्ये पुन्हा उघडली. महाराष्ट्रात चंद्रपूरची दारूबंदी 2015 मध्ये आली आणि 2021 मध्ये गेली, तर गडचिरोलीची 1993 पासून टिकून आहे. बायकांनी मतदानाने आडवी केलेली बाटली, म्हणजे बंद पाडलेली दारू, अनेक ठिकाणी आडवीच राहिली, कारण तिथे निर्णय वरून लादलेला नव्हता. या अनुभवाचे सार असे, की सरसकट बंदी लोकांच्या निर्धाराविना टिकत नाही, आणि व्यसनी माणसावर उपचारांची सोय नसताना आलेली बंदी त्यालाच आधी मारते. मात्र प्रौढांवरील बंदीविषयी मतभेद असू शकतात म्हणून मुलांच्या संरक्षणाविषयीही ते असावेत, हे तर्काला धरून नाही. प्रौढाला स्वतःची हानी करून घेण्याचे स्वातंत्र्य असावे असे मानणाराही ते स्वातंत्र्य गर्भाला किंवा तेरा वर्षांच्या मुलाला लागू करू शकत नाही, कारण ज्या अवयवाने निवड करायची तोच अवयव अजून घडतो आहे.

कायदा कागदावर याच भूमिकेचा आहे. तेलंगणात एकवीस वर्षांखालील व्यक्तीला दारू विकता येत नाही, महाराष्ट्रात तीव्र मद्यासाठी ही मर्यादा पंचवीस आहे, आणि बाल न्याय अधिनियम, 2015 च्या कलम 77 नुसार मुलाला मादक द्रव्य देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मे 2024 मध्ये पुण्याच्या कल्याणीनगर भागात अल्पवयीन मुलाच्या गाडीखाली दोन तरुण जीव गेले, तेव्हा त्याला मद्य कोणी दिले हा प्रश्न काही आठवडे राज्यभर विचारला गेला. परंतु जिथे अपघात होत नाही, तिथे हा प्रश्न विचारलाच जात नाही. वयाची मर्यादा दुकानाच्या खिडकीवर लागू होते, ताडीच्या मडक्यापाशी, लग्नाच्या मांडवात आणि वसतिगृहाच्या खोलीत ती पोहोचत नाही. शिवाय कायद्याची दृष्टी विक्रीवर आहे, तर हानीचा आरंभ गर्भात होतो, आणि तिथे कायद्याचे काम नसून आरोग्यव्यवस्थेचे काम आहे.

ते काम करताना आईला गुन्हेगाराच्या पिंजऱ्यात उभे करणे हा सर्वांत मोठा दोष ठरेल. श्रम करणारी स्त्री अंगदुखीवर उपाय म्हणून, थंडावा म्हणून किंवा घरातल्या इतरांबरोबर कल्लू घेते, तेव्हा ती तिच्या आजीने सांगितलेलेच करत असते. तिला त्याचा धोका कोणी समजावून सांगितलेला नसतो, आणि कुपोषण व रक्तक्षय यांनी तो धोका आणखी वाढवलेला असतो. दोष दिला की ती लपवते आणि लपवले की मदत पोहोचत नाही. म्हणून मलकपेठेसारख्या भागातील सरकारी रुग्णालयात, अंगणवाडीत आणि आशा कार्यकर्तीच्या भेटीत प्रत्येक गर्भवतीला कल्लूविषयी स्पष्ट नावानिशी, पण आपुलकीने विचारले गेले पाहिजे, कारण केवळ दारू पिता का असे विचारले तर प्रामाणिक उत्तरही नाही असेच येते. तिच्या घरातील पुरुषांना त्याच बैठकीत बोलावले पाहिजे, आणि ज्या स्त्रीला भेसळीमुळे सवय जडली आहे तिला अचानक तोडून न टाकता वैद्यकीय देखरेखीखाली सोडवले पाहिजे. शाळेत मागे पडणाऱ्या मुलाची तपासणी करताना जन्मापूर्वीचा इतिहास विचारणे ही बालरोगतज्ज्ञांची नित्याची पद्धत झाली पाहिजे.

या सगळ्यात निराशेला जागा नाही, कारण जो मेंदू कोवळा असल्याने इजा होते तोच कोवळा असल्याने सावरतोही. लवकर ओळखलेल्या मुलाला ठरावीक दिनक्रम, संयमी शिक्षक आणि हिंसामुक्त घर मिळाले, तर त्याच्या अडचणी पुष्कळ कमी होतात, आणि किशोरवयात पिणे थांबवल्यावर काही क्षमता परत येतात. समाजाचे वर्तनही बदलते, याचे उदाहरण आइसलँडने दिले आहे. तिथे 1998 मध्ये पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांपैकी 42 टक्के मुले महिनाभरात एकदा तरी दारूने धुंद झाली होती, आणि 2016 मध्ये हे प्रमाण 5 टक्क्यांवर आले. त्या देशाने केवळ उपदेशावर विसंबून न राहता मुलांच्या संध्याकाळी खेळ, संगीत आणि पालकांच्या सहवासाने भरल्या, त्यासाठी सार्वजनिक पैसा दिला आणि वयाची मर्यादा कसोशीने पाळली. तेलंगण आणि महाराष्ट्र ही दोन्ही राज्ये मद्यातून प्रचंड महसूल मिळवतात. त्या महसुलाचा निश्चित वाटा मुलांच्या मैदानांवर, वसतिगृहांच्या देखरेखीवर, गर्भवतींच्या समुपदेशनावर आणि ताडीच्या नियमित रासायनिक तपासणीवर खर्च करणे हे उपकार नसून कर्जफेड आहे. मुलाच्या मेंदूची पहिली पंचवीस वर्षे ही त्याची एकट्याची मालमत्ता नाही आणि त्याच्या कुटुंबाचीही नाही. त्या वर्षांत त्याच्यापर्यंत काय पोहोचू द्यायचे हे मोठी माणसे ठरवतात, आणि म्हणून त्या मेंदूत पुढे जे उभे राहते किंवा जे उभे राहायचे राहून जाते, त्याचा जाबही मोठ्यांनाच द्यावा लागेल.